बारा आणे दुखणं

सगुणाबाई चहा बशीत ओतून प्यायची आणि शेवटचा घोट उंबऱ्याबाहेर टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मुंग्यांचा."

मोबाईल कानाला लावायची नाही. आरशासारखा तोंडासमोर धरायची आणि त्याच्यावर ओरडायची.

भाडेकरूंचं दार वाजवायची नाही. लांबूनच खोकायची. तिच्या खोकल्यावरून माणसं ओळखायची की आज भाडं हवंय, की पाण्याची मोटर बंद करायची राहिलीय.

मिश्री लावताना कुणी बोलायला आलं तर डोळ्यांनीच भांडायची.

खरं बोलताना पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायची. खोटं बोलायचं असलं की सोडून द्यायची.

आणि दुखलं की नाक ओढायची. एकदाच, जोरात, सर्दी झाल्यासारखं. घरातल्यांना बरेच दिवस वाटत होतं, आईला सर्दीच झालीय.

गौतमीनं हे सगळं बघून ठेवलं होतं. पिरंगुट सोडून पौडकडे निघालं की डाव्या हाताला सगुणाबाईचं घर लागायचं. घरामागं खोल्यांची चाळ. त्यात कंपनीत कामाला जाणारे बिहारचे, ओडिशाचे, लातूरकडचे लोक राहायचे. शेवटची खोली गौतमीनं शिकवणीसाठी भाड्यानं घेतली होती. ती त्याच गावातली, बौद्धवाडीतली. मराठीत एम.ए. झाली होती आणि नोकरीची वाट बघता बघता दहावीच्या पोरांना व्याकरण शिकवत होती.

खोली देताना सगुणाबाईची जाऊ लीलाबाई आडवी आली होती. "त्या वाडीतल्या पोरीला खोली देतीस व्हय गं?"

"नोटंवर वाडी लिवलेली नसती," सगुणाबाई म्हणाली होती. तेवढ्यावर तो विषय मिटला. लीलाबाईचं तोंड मात्र वर्षभर मिटलं नाही.

शिकवणी चालू असली की सगुणाबाई दारात पाट टाकून बसायची. लसूण सोलायची. कविता ऐकायची. एकदा गौतमी एका विरहाच्या कवितेचा अर्थ सांगत होती. सगुणाबाईनं मान वर केली.

"ह्याला घरी कुनी जेवू घालत न्हवतं का गं?"

पोरं हसून लोळली. गौतमीही. नंतर तिला वाटलं, एवढं चोख रसग्रहण आपल्या विभागप्रमुखांनीही कधी केलं नव्हतं. तेव्हापासून दोघींचं जमलं. एक साठी ओलांडलेली, एक पंचविशीतली. गौतमी तिला मावशी म्हणायची. ती गौतमीला 'गौतमे' म्हणायची, आणि फार लाडात आली तर 'मास्तरीन'.

सगुणाबाईला आधी छातीत गाठ झाली होती. ती तिनं चोळीआड लपवली, आणि लपेनाशी झाली तेव्हा दाखवली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. केस गेले, पुन्हा आले, आणि ती पुन्हा भात लावायला वाफ्यात उतरली. गाव म्हणालं, बरी झाली. मग एका दिवाळीत तिची पाठ धरली. ती नाक ओढायला लागली. दवाखान्यातल्यांनी फोटो काढले आणि सांगितलं, रोग मणक्यात उतरलाय. आता रोग बरा होणार नाही, पण बाईला बरं ठेवता येईल.

मुलानं, अमोलनं, यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्याच्या कानातून कुठं सांडलं, ते कुणालाच कळलं नाही.

मग बघायला येणारे सुरू झाले. आजारी माणसाला बघायला जायची आपल्याकडं एक रीतच आहे. केळी घेऊन जायचं, कॉटच्या पायथ्याशी बसायचं, रोग्याकडं बघून रोग्याबद्दल बोलायचं. जणू तो भिंतीवरचा फोटो आहे. सगुणाबाई भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. आडवी झाली की जास्त दुखायचं, बसली की पायात कळ उतरायची. म्हणून ती धड बसलेलीही नसायची, धड आडवीही नसायची. पाहुणे चहा प्यायचे.

"लई सोशिक बाई."

"हूं न्हाई का चूं न्हाई."

"आमची म्हातारी आसती तर गाव डोक्यावर घेतलं आसतं."

आणि लीलाबाई, सगळ्यांच्या वर आवाज काढून: "जरा कळ काढ गं सगुणा. देव बघतोय."

गौतमीला त्या शब्दाची किळस यायला लागली. कळ येते, आणि कळ काढायलाही सांगतात. ज्याला येते तो एकटा असतो. काढायला सांगणारे सगळं अंगण भरून बसलेले असतात. त्यांच्या हातात बिस्किटं असतात. लीलाबाई बिस्किट चहात बुडवायची, ते तुटून कपात पडायचं, मग ती ते बोटानं काढून खायची आणि चाटलेल्या बोटानं सगुणाबाईचा गुडघा थोपटायची. गुडघ्यावर हात पडला की सगुणाबाई नाक ओढायची.

"सर्दी लई झालीय बग हिला," लीलाबाई म्हणायची.

दर महिन्याला अमोल आईला दवाखान्यात न्यायचा. दुखणं कमी करण्यासाठी तिथं वेगळा डॉक्टर होता. तो गोळ्या लिहून द्यायचा. त्या गोळ्या खाऊनही सगुणाबाई वाळत चालली. रात्री झोप नाही, दिवसा अन्न नाही. गौतमीनं अमोलला विचारलं, "डॉक्टर काही वाढवून देत नाही का?"

"तो म्हणतो, चांगलंय. स्टेबल आहेत." अमोल मोटारसायकल पुसत होता. "आई स्वतःच सांगते ना त्याला, फरक आहे म्हणून."

पुढच्या खेपेला अमोलला वेळ नव्हता. तो हल्ली जमिनीच्या कामात होता, कायम कुणाला तरी रस्ता दाखवत असायचा. सगुणाबाई म्हणाली, "मास्तरीन, तू चल." गावातल्या एकनाथची गाडी होती, तो भाड्यानं न्यायचा. खड्डा दिसला की तो आधी सांगायचा, "मावशी, धरा," आणि मगच गाडी उतरवायचा. भुकूमच्या पुढं गर्दीत गाडी अडकली, तेव्हा सगुणाबाईनं बाहेर उभ्या राहिलेल्या नव्या इमारती बघितल्या.

"एवडी मानसं येनार तरी कुटनं?"

"येतात मावशी."

"आनि समद्यांचं दुखनं ह्याच रस्त्यानं पुन्याला जानार व्हय. रस्ता मोठा कराया पायजे."

डॉक्टर तरुण होता. स्वभावानं चांगला होता, थकलेला होता. कागद समोर ओढून त्यानं विचारलं, "आजी, दहापैकी किती?"

"चार आने."

"चार." त्यानं लिहिलं. "म्हणजे गेल्या वेळेएवढंच. छान. गोळ्या त्याच ठेवू."

गौतमीनं कागदाकडं पाहिलं. मागच्या सगळ्या रकान्यांत चारच होतं. चार, चार, चार. शेजारी एक गोल चेहरा छापला होता, जेमतेम नाराज.

"डॉक्टर," ती म्हणाली, "त्या दुखणं सांगत नाहीयेत. फरक सांगतायत."

"म्हणजे?"

"चार आणे फरक आहे म्हणतायत. रुपयात चार आणे."

डॉक्टरनं पेन थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावरून आणे हा शब्द सावकाश फिरला. त्यानं तो कधीतरी आजोबांच्या तोंडून ऐकला असावा. "मग दुखणं किती?"

सगुणाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बारा आने. ऱ्हायलं की बारा आने. तुमीच विचारता आन् तुमीच लिवता."

"आजी, मी दहापैकी विचारत होतो."

"धा म्हंजी काय? रुपया सोळा आन्याचा आसतो, लेकरा."

डॉक्टरनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तो हसला नाही, हे गौतमीला बरं वाटलं. त्यानं मागचे सगळे कागद काढून पुन्हा पाहिले. महिन्यामागून महिने ही बाई बारा आणे दुखणं घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली होती, आणि त्यानं तिला छान म्हणून परत पाठवलं होतं. "कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "मीच दुसऱ्या तऱ्हेनं विचारायला हवं होतं."

त्यानं मॉर्फिन लिहून दिलं. लहान गोळी. ती कुठल्याही दुकानात मिळायची नाही, तिथूनच न्यायची. दर चार तासांनी द्यायची. "घड्याळ बघून द्या, दुखणं बघून नाही," तो गौतमीला म्हणाला. "दुखायच्या आधी गोळी पोटात पाहिजे. पहिले काही दिवस झोप येईल, मळमळेल, मग ते जाईल. पोट साफ व्हायचं औषध चुकवायचं नाही. आणि एक. मनानं बंद करायची नाही. काही झालं तरी मला फोन करा, पण बंद करायची नाही."

घरी आल्यावर अमोलनं गोळ्यांचं पाकीट उलटं-सुलटं केलं. "मॉर्फिन? गर्दुल्ले घेतात ते?"

"डॉक्टरांनी दिलंय, दादा."

"सवय लागली म्हणजे?"

गौतमी त्याच्याकडं बघतच राहिली. बाई किती दिवसांची, हे त्याला माहीत होतं. तरी त्याला काळजी होती, तिला वाईट सवय लागेल याची.

लीलाबाईनं कपाळावर हात मारला. "ही गोळी दिली म्हंजी डाक्टरनं हात टेकलं. माज्या भावाच्या येळंला आसंच झालं."

"तुज्या भावाला कोंबडीचं हाड घशात आडाकलं हुतं," सगुणाबाई म्हणाली. "दे गं ती गोळी."

गोळ्या द्यायचं काम सुनेनं, स्नेहलनं, अंगावर घेतलं. तिनं मोबाईलवर गजर लावले. पहिले दोन दिवस सगुणाबाई नुसती झोपली. पाहुणे म्हणाले, बघा, गुंगवून ठेवलीय. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि तिनं भाकरी मागितली. आठवड्यानं ती चाळीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि खोकली. भाडेकरू दचकून बाहेर आले. मोटर चालूच होती.

"किती मावशी?" गौतमीनं विचारलं.

"बारा आने फरक. चार आने ऱ्हायलंय. तेवडं आसू दे, न्हाईतर मी मेली का काय आसं वाटंल."

वैशाख होता. एक दिवस शिकवणी सुटल्यावर गौतमीला अंगणात मातीचा ढीग दिसला. एकनाथनं रानातनं वारुळाची माती आणून टाकली होती. सगुणाबाईनं तीत भाताचं तूस घातलं, शेण घातलं, पाणी मारलं. तुडवायला चाळीतला एक ओडिशाचा गडी लावला. तो हसत तुडवत होता, ती कॉटवरून सूचना देत होती. त्याला मराठी येत नव्हतं, तिला दुसरं काही येत नव्हतं, पण माती एकजीव झाली. न्हाणीजवळची पाणी तापवायची चूल फुटली होती. पावसाच्या आत नवी घालायची, असं तिनं ठरवलं होतं.

"गॅस आहे ना, मावशी."

"गॅसवर दहा बादल्या तापत्यात व्हय? आन् ही पोरं पावसात भिजून येत्यात कामावरनं."

पाटावर बसून तिनं चुलीची भिंत उभी केली. दोन्ही हातांनी माती थापटायची, ओल्या तळव्यानं गुळगुळीत करायची. गौतमी बघत राहिली. त्या वाळलेल्या हातांत एवढी ताकद कुठं होती कोण जाणे. दुखण्यानं ती दाबून ठेवली होती, एवढंच. एक दिवस आधीची भिंत वाळू द्यायची, मग वरचा थर. घाई केली की तडा जातो. म्हणून काम चार-पाच दिवस चालणार होतं.

त्याच दिवसांत विकी यायला लागला. विकी जमिनीचे व्यवहार जुळवायचा. अंगाला अत्तर, हातात दोन फोन. रस्त्याला लागून एक तुकडा सगुणाबाईच्या नावावर होता, तिच्या बापानं दिलेला. अमोलनं तो विकायचं ठरवलं होतं. सगुणाबाईची हरकत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "माज्या मागं भांडान्यापरास माज्या म्होरं विका." घेणाराही ठरला होता. पौडच्या कचेरीत जाऊन सही आणि अंगठा द्यायचा राहिला होता.

त्या दिवशी सकाळी अमोलनं गौतमीला फोन केला. "आई म्हणते, तू पण चल. धरायला बाई माणूस पाहिजे."

गौतमी आली तेव्हा सगुणाबाईला उचलून गाडीत बसवलेलं होतं. उचलून. कालपर्यंत ती चालत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर घाम होता, आणि ती नाक ओढत होती. एकदा नाही. सारखी. पुढं विकी बसला होता, एकनाथ गाडी चालवत होता. अमोल मागं, आईच्या पलीकडं. दारात स्नेहल उभी होती. ती गौतमीकडं बघत नव्हती.

गाडी पौडच्या रस्त्याला लागली.

"मावशी, गोळी कधी घेतली?"

"काल दुपारच्याला."

"काल?"

"संपल्या म्हनं."

गोळ्या संपल्या नव्हत्या. गौतमीनं त्या स्वतः आणल्या होत्या, स्नेहलबरोबर मोजून कपाटात ठेवल्या होत्या. ती अमोलकडं वळली. अमोल खिडकीतून बाहेर बघायला लागला.

"दादा, गोळ्या कपाटात आहेत."

"आहेत ना. कुठं पळतायत?"

"मग?"

उत्तर विकीनं दिलं, मान न वळवता. "मॅडम, ते मॉर्फिन आहे. गुंगीत सही घेतली असं उद्या कोण कोर्टात गेलं तर व्यवहार गेला. साहेब प्रश्न विचारतो, बाई शुद्धीत पाहिजे. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"त्या शुद्धीतच होत्या! काल चूल घालत होत्या. भाडेकरूंना शिव्या देत होत्या."

"शिव्या गुंगीतपण देता येतात," विकी म्हणाला आणि स्वतःच हसला.

"एक दिवस कळ काढली तर काय मरत नाही ती," अमोल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. वैताग होता, लग्नाच्या घाईत मूल रडावं तसा. हेच गौतमीला सगळ्यात जास्त किळसवाणं वाटलं. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

सगुणाबाईनं हे सगळं ऐकलं. ती लेकाकडं बघत होती. "मला सांगायचं की रं," ती म्हणाली. "गोळी खाऊन बी सही केली आसती मी. चांगली चार डाव केली आसती."



"गाडी वळवा," गौतमी म्हणाली.

"नंबर लागलाय," विकी म्हणाला. "आज गेला की गेला."

तिनं स्नेहलला फोन लावला. कुणाबरोबर तरी गोळी पाठव म्हणाली. स्नेहल हळू आवाजात बोलली, "कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात हाय, ताई. मी काय करू?" मागं कुकरची शिट्टी वाजली.

एकनाथ प्रत्येक खड्ड्याला म्हणत होता, "मावशी, धरा." सगुणाबाईनं गौतमीचा हात धरला होता. हाडापर्यंत.

"किती, मावशी?"

"रुपयाच्या वर," ती म्हणाली.

पौडच्या कचेरीत गर्दी होती. अमोल आणि एकनाथनं तिला खुर्चीसकट आत नेलं. लोकांनी वाट दिली. कुणीतरी म्हणालं, म्हातारी धीराची आहे. टेबलामागचा अधिकारी चष्म्यावरून बघत राहिला.

"आजी, आजारी आहात का?"

"प्रवासाचा शीण आहे, साहेब," अमोल म्हणाला.

"मी आजींना विचारलं." अधिकाऱ्यानं कागद बाजूला ठेवले. "एवढ्या आजारी माणसासाठी आम्ही घरी येतो. अर्ज करायचा असतो फक्त. का नाही केला?"

गौतमीनं विकीकडं पाहिलं. विकीला हे माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ होतं. "साहेब, पार्टी परवा बाहेरगावी चाललीय," तो म्हणाला. "तेवढा वेळ नव्हता."

"साहेब," गौतमी बोलायला गेली, "त्यांना औषध..."

"ऱ्हाऊ दे गं," सगुणाबाई म्हणाली. तिनं बोलायला दम गोळा केला. "सायेब, माजी मर्जी हाय. कुटं आंगठा द्यायचा? लवकर द्या म्हंजी घरला जाती."

अधिकाऱ्यानं कागद पुन्हा पुढं ओढले. त्यानं विचारायचं ते सगळं विचारलं. नाव, गाव, बापाचं नाव, कुणी दबाव आणलाय का. तिनं सगळं नीट सांगितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला तिचा हात मात्र उचलत नव्हता. मशीनवर अंगठा धरायचा होता. तो घामानं ओला होता, उमटेना. अमोलनं आपल्या रुमालानं तो पुसला, दाबून धरला, पुन्हा पुसला. कॅमेऱ्याकडं बघा, असं कुणीतरी सांगितलं. सगुणाबाईनं बघितलं. तो फोटो त्या कागदावर आहे. बाई पूर्ण शुद्धीत आहे, हे त्यात कुणालाही दिसेल.

बाहेर येताना विकीनं अमोलच्या पाठीवर थाप मारली. "एक नंबर उत्तरं दिली आईनं! टवटवीत!"

परतीच्या वाटेवर विकीनं गाडी एका हॉटेलसमोर थांबवायला लावली. मटण चांगलं मिळायचं तिथं. "तोंड गोड नको, तिखट करू," तो म्हणाला.

"आधी घरी," गौतमी म्हणाली.

"पाच मिनिटं गं," अमोल म्हणाला. "पार्टी आत बसलीय. नाही म्हटलं तर बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही. ते दोघं आत गेले. गाडीच्या काचा खाली होत्या, रश्श्याचा वास आत आला, आणि सगुणाबाईला उमासा आला. पोटात काही नव्हतं. नुसतं पाणी आलं, गौतमीच्या ओढणीवर. गौतमीनं तोंड पुसलं तिचं. मग अमोल बाहेर आला, हातात वाटी. "आईला थोडा पांढरा रस्सा," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर तेल चमकत होतं.

गौतमीला कुणाचीही एवढी शिसारी कधी आली नव्हती. "किल्ली द्या," ती म्हणाली.

"कसली?"

"कपाटाची."

"अगं, आलोच आम्ही. तू पण दोन घास..."

"किल्ली द्या, नाहीतर मी आत जाऊन तुमच्या पार्टीला सांगते की सही कशी घेतली."

अमोलनं किल्ली दिली. वाटी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. एकनाथ सगळं ऐकत होता. त्यानं गाडी चालू केली.

"अरे, आमी?" अमोल म्हणाला.

"एस्टी हाय की," एकनाथ म्हणाला. "नाहीतर कळ काढा जरा."

घरी गेल्यावर गोळी दिली. डॉक्टरला फोन केला. तो सावकाश बोलला. किती द्यायची, किती वेळानं आणखी द्यायची, सगळं सांगितलं. दुखणं एकदा सुटलं की पुन्हा बांधायला वेळ लागतो, असं म्हणाला. वेळ लागला. सगुणाबाईनं त्या संध्याकाळी पहिल्यांदा आवाज केला. चाळीतले सगळे बाहेर येऊन उभे राहिले. ओडिशाचा गडी रडत होता. लीलाबाई दारातनं म्हणाली, "इतकी सोशिक बाई, आन् आसं वरडती?" आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी कमरेखाली पाय हलेनात. डॉक्टर म्हणाला, मणका खचला असेल, आज ना उद्या होणारच होतं. हे त्यानं गौतमीला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. दुखणं कमी झालं. आठ आणे, मग सहा. अमोल आता स्वतः गोळ्या द्यायचा. कपाट उघडंच असायचं. "दे की, किती पायजे तेवढ्या दे," तो स्नेहलला म्हणायचा. आता त्याला सवयीची काळजी राहिली नव्हती.

सगुणाबाई ज्येष्ठ लागल्यावर गेली. तोवर ती उठून बसली नाही ती नाहीच.

दहाव्याला मांडव घातला होता. लोक बोलत होते, शेवटपर्यंत सोशिक, जाता जाता लेकाचं भलं करून गेली. अमोल डोळे पुसत म्हणाला, "एवढ्या त्रासात पण आई माझ्यासाठी कचेरीत आली." त्याला ते खरं वाटत होतं. समोरच्यांनी माना हलवल्या. विकीनं सगळ्यांना पाणी वाटलं. गौतमीच्या हातात ग्लास आला. तिनं तो तसाच खाली ठेवला आणि मांडवातून उठून घरामागं गेली.

न्हाणीजवळ चूल होती. भिंत पूर्ण झालेली, तोंड नीट कापलेलं. भांडं टेकायला वर तीन उंचवटे लागतात. दोन झाले होते. त्यांच्यावर सगुणाबाईच्या बोटांचे ठसे होते. तिसऱ्यासाठी काढून ठेवलेला मातीचा गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून शेजारी ठेवला होता. गोणपाट वाळून कडक झालं होतं. गौतमीनं ते सोडलं. आत माती दगडासारखी झाली होती.